तोतया आणि बनावट खाते : एक चिकित्सा

समाजमाध्यमांवर अनाहूत संदेशांचा मारा करणारे लोक, ज्यांना संगणकाच्या परिभाषेत स्पॅमर म्हणतात, ते खोट्या नावाची व खोट्या छायाचित्राची खाती का उघडतात, या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, त्यांना स्वतःस लपवावयाचे असते. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. लपावयाचेच असेल तर निनावी राहणे पुरेसे होते. बनावट खाते उघडणारा मात्र नाव टाकून थांबत नाही, तो दुसरे नाव धारण करतो. लपणे आणि सोंग घेणे या दोन निराळ्या क्रिया होत, आणि दुसऱ्या क्रियेचा उलगडा पहिलीच्या कारणाने होत नाही.

मराठीत या दुसऱ्या क्रियेसाठी 'तोतया' हा नेमका शब्द आहे, व त्यामागे इतिहासही आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी सर्वांची खात्री पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ मध्ये निधन होईपर्यंत सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. या अनिश्चिततेतून सुखलाल नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊसाहेब म्हणून पुढे आला. चौकशीअंती तो कैदेत पडला. पण १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरून त्याची सुटका होताच त्याच्याभोवती हजारोंचे सैन्य जमले व कोकणातील अनेक किल्ले त्याच्या ताब्यात गेले. अखेर महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा पराभव केला, आंग्र्यांनी त्यास पकडले आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यास त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' (१९१३) या नाटकाचा विषय हाच.

या प्रकरणात ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, सुखलाल स्वतःच्या नावाने कोकणात गेला असता तर एकही किल्लेदाराने दरवाजा उघडला नसता. त्याने उचलले ते भाऊसाहेबांचे नाव नव्हे, तर त्या नावावर लोकांनी आधीच ठेवलेला विश्वास. बनावट खात्याचे मुख्य प्रयोजनही हेच आहे. कायद्यापासून बचाव हा त्याचा दुय्यम लाभ होय.

अनाहूत संदेशांच्या अर्थकारणाकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका संशोधनात औषधविक्रीचे सुमारे ३५ कोटी ईमेल संदेश पाहण्यात आले. त्यांतून खरेदीपर्यंत पोहोचलेले लोक निघाले केवळ २८. अनोळखी माणसाचा शब्द इतका स्वस्त असतो. उलट, इंडियाना विद्यापीठात विद्यार्थ्यांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, फसवा संदेश अनोळखी व्यक्तीकडून आला तेव्हा सुमारे १६ टक्के विद्यार्थ्यांनी आपला परवलीचा शब्द दिला. तोच संदेश मित्राच्या नावाने आला तेव्हा हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. मित्रांची नावे प्रयोगकर्त्यांना समाजमाध्यमांच्या उघड पानांवरूनच मिळाली होती. मजकूर एकच, बदलले ते फक्त नाव.

याशिवाय दोन गौण कारणे आहेत. पहिले, खाते बंद पडणार हे स्पॅमरने गृहीत धरलेलेच असते. २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांत एकट्या फेसबुकने सुमारे २२० कोटी बनावट खाती काढून टाकल्याचे जाहीर केले. जेथे खात्याचे आयुष्य इतके अल्प, तेथे खरे नाव खर्ची घालणे परवडणारे नाही. दुसरे, पुष्कळ खोटी खाती मिळून बहुमताचा आभास निर्माण करतात, आणि गर्दी पाहून गर्दी जमते. तोतयाच्या छावणीत जमलेले हजारो लोक हाच पुढच्या किल्लेदारास मोठा पुरावा वाटला असला पाहिजे.

महाराष्ट्रात व अन्यत्र वारंवार उघडकीस आलेला एक प्रकार साहित्यकृतीप्रमाणे तपासून पाहण्याजोगा आहे. एखाद्या जिल्हाधिकाऱ्याच्या वा पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने खाते उघडले जाते. तेथून संदेश येतो की, केंद्रीय राखीव दलातील आपल्या एका मित्राची बदली झाली असून तो घरचे सामान स्वस्तात विकत आहे. या छोट्याशा कथेची रचना सदोष नाही. अधिकाऱ्याचे पद अधिष्ठान देते, जवानाविषयीचा आदर संशयास आवर घालतो, बदली स्वस्ताईचे कारण पुरविते, आणि निघण्याची घाई विचारास अवधी ठेवीत नाही. संभाव्यतेची जी अपेक्षा नाट्यसमीक्षक कथानकाकडून करतो, ती येथे पूर्ण झाली आहे. फसलेल्या माणसास केवळ भोळा म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरते; तो एका चांगल्या रचलेल्या संहितेचा वाचक असतो. इंडियानातील विद्यार्थी काही अशिक्षित नव्हते, आणि कोकणातले किल्लेदारही नव्हेत.

हा आक्षेप झरी जामणीसारख्या प्रदेशाच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. यवतमाळ जिल्ह्यातील तेलंगणाच्या सीमेवरील या तालुक्यात मराठीबरोबर कोलामी, गोंडी व तेलुगू कानावर पडतात. अशा मुलखात अनोळखी माणसाची पारख त्याच्या बोलण्यावरून होते. कोणत्या गावचा, कोणाच्या घरचा, हे दोन प्रश्न विचारले की उत्तरातल्या शब्दांइतकाच उत्तराचा सूरही साक्ष देतो. समाजमाध्यमाने ही साक्ष काढून घेतली आहे. कोलामीचा लेखनात फारसा वापर नाही. त्यामुळे भ्रमणध्वनीवर लिहिताना तिचा भाषिकही बहुधा मराठीकडे वा हिंदीकडे वळतो. त्या चार ओळींच्या प्रमाण भाषेत गावचा माणूस आणि शेकडो कोसांवरचा ठग यांत फरक उरत नाही. विश्वास ठेवण्याची जुनी सवय कायम राहिली, परंतु तिचे रक्षण करणारी जुनी परीक्षा मात्र गेली. आदिवासी वा ग्रामीण समाज 'अज्ञानामुळे' फसतो, हे शहरी विधान या दृष्टीने तपासून घ्यावयास हवे. त्याचे ज्ञान नाहीसे झालेले नाही. ते चालविण्याचे साधन त्याच्या हातून गेले आहे.

कायद्याने आपले काम केले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६-ड अन्वये संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांकही आहे. तथापि शिक्षा ही फसवणुकीनंतरची गोष्ट होय. ओळख पटविणे हे त्यापूर्वीचे काम आहे, आणि ते माणसांनाच करावे लागते. पैसे मागणाऱ्या ओळखीच्या नावास प्रत्यक्ष फोन करून त्याचा आवाज ऐकणे हा उपाय दिसावयास सामान्य आहे; पण गावातील ते दोन जुने प्रश्नच त्यात परत येतात. मात्र यंत्राने आवाजाचीही नक्कल होऊ लागली असल्याने, केवळ आवाजावर न थांबता दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट विचारणे आता आवश्यक झाले आहे. नाव उसने घेता येते, चेहरा घेता येतो, आवाजही घेता येतो. सहवासाची आठवण मात्र तोतयास सहजासहजी हस्तगत होत नाही.