घरची प्रत : ‘टॉय स्टोरी २’ आणि पाठभेदांचा प्रश्न

चित्रपटाविषयी बोलताना ‘संहिता’ हा शब्द आपण पटकथेपुरता वापरतो. पोथीच्या जशा अनेक प्रती असतात आणि त्या प्रतींत पाठभेद असतात, तसे चित्रपटाचेही असू शकते, हे सहसा मनात येत नाही. पडद्यावर दिसला तोच चित्रपट, अशी आपली समजूत. चित्रपट कॅसेटच्या आणि डीव्हीडीच्या रूपाने घरात आला तेव्हा ही समजूत खरे तर संपायला हवी होती. ती का संपायला हवी, हे ‘टॉय स्टोरी २’ या मुलांच्या विनोदी चित्रपटावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. कारण प्रत, साठा, डागडुजी आणि पुसून टाकलेले नाव हाच या चित्रपटाचा विषय आहे. आणि जे त्याच्या कथेत घडते, तेच पुढे त्याच्या वाट्यालाही आले.

१

मे १९९४ मध्ये डिस्नेने ‘अलादीन’चा दुसरा भाग ‘द रिटर्न ऑफ जाफर’ चित्रपटगृहात न आणता थेट कॅसेटवर विक्रीला काढला. काम कंपनीच्या दूरचित्रवाणी विभागाने केले होते. पहिल्या भागात जिनीला आवाज देणारे रॉबिन विल्यम्स यात नव्हते. तरीही एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. गाजलेल्या ॲनिमेशनपटाचा पुढचा भाग स्वस्तात करायचा आणि दुकानात मांडायचा, हे धंद्याचे गणित त्यातून पक्के झाले. १९९८ मध्ये ‘लायन किंग’चा दुसरा भागही याच वाटेने आला. समीक्षकांनी अशा चित्रपटांकडे पाहिले नाही, आणि पाहिले तेही नाक मुरडूनच.

‘टॉय स्टोरी’ (१९९५) हा संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याचा दुसरा भागही असाच, साधारण तासाभराचा, कॅसेटसाठीच ठरला होता. काम चांगले होते आहे असे दिसल्यावर १९९८ च्या सुरुवातीला तो चित्रपटगृहात नेण्याचे ठरले. पण त्या वर्षाच्या अखेरीस पिक्सारमधल्या वरिष्ठांनी झालेले काम पाहिले तेव्हा ते त्यांना पटेना. जॉन लॅसेटर यांनी सूत्रे हाती घेतली. ॲश ब्रॅनन आणि ली अन्क्रिच सहदिग्दर्शक राहिले. प्रदर्शनाची तारीख हलणार नव्हती. हाती उरलेल्या सुमारे नऊ महिन्यांत कथा पुन्हा रचून चित्रपट पुरा झाला आणि २४ नोव्हेंबर १९९९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमुल यांनी ‘क्रिएटिव्हिटी, इंक.’ या पुस्तकात याची किंमतही नोंदवली आहे. काम संपेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश लोकांना अतिश्रमाने हातांची दुखणी जडली होती.

त्याआधीची आणखी एक घटना आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. १९९८ मध्ये संगणकाला चुकून दिलेल्या एका आज्ञेने चित्रपटाचा बहुतेक साठा पुसला गेला. राखीव प्रती ठेवणारी यंत्रणाही नीट चालत नसल्याचे तेव्हाच कळले. तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गोधडीत गुंडाळून गाडीने कचेरीत आणला गेला. कंपनीच्या यंत्रणेने जे गमावले, ते घरच्या प्रतीने राखले. त्यातला पुष्कळ भाग पुढे फेरलेखनात बदलला, हा भाग वेगळा.

२

या चित्रपटाने कॅसेटची खालची पायरी सोडली आणि वरची गाठली, असे नेहमी म्हटले जाते. माझे निरीक्षण वेगळे आहे. ती पायरी त्याने कथेत सोबत आणली आहे.

सुरुवात व्हिडिओ गेमने होते. हॅम टीव्हीचे चॅनेल भराभरा बदलून दुकानदार अलची जाहिरात शोधतो. आणि मुख्य प्रसंगात वुडी आपला भूतकाळ कॅसेटवर पाहतो. हात फाटलेल्या वुडीला अलने घरासमोरच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून चोरून आपल्या घरी आणले आहे. आपण कधीकाळी बाहुल्यांच्या एका मालिकेचे नायक होतो, हे वुडीला तिथे प्रथम कळते. कथा ऐन भरात येते आणि थांबते. पुढचा भाग नाही, कारण स्पुटनिक आकाशात गेल्यावर मुलांना अंतराळातली खेळणी हवी झाली आणि मालिका बंद पडली. ज्या कथेला उत्तरभाग मिळाला नाही तिचे दुःख एका उत्तरभागात, आणि तेही कॅसेटच्या रूपाने मांडलेले आहे. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

अलच्या घरात खेळण्यांच्या तीन अवस्था दिसतात. पीट हा कधीच न उघडलेल्या खोक्यातला. त्याच्यावर ओरखडा नाही, कारण त्याच्याशी कोणी खेळलेले नाही. जेसी ही खेळून झालेली आणि टाकून दिलेली. वुडी अजून कोणाचा तरी आहे, पण फाटलेला. अलने बोलावलेला म्हातारा कारागीर वुडीला शिवतो, रंगवतो, आणि बुटाच्या तळावर लिहिलेले ‘अँडी’ हे नाव रंगाखाली झाकतो. काम अतिशय कौशल्याचे आहे, आणि नेमके तिथेच नुकसान आहे. टोकिओच्या संग्रहालयासाठी वुडी निर्दोष झाला, पण आपण कोणाचे आहोत हे सांगणारी एकमेव खूण गेली. पुढे वुडी स्वतः तो रंग खरवडून काढतो. चित्रपटाचा निर्णय त्या खरवडण्यात आहे, विमानतळावरच्या पाठलागात नाही.

३

१७ ऑक्टोबर २००० रोजी ‘टॉय स्टोरी २’ व्हीएचएस आणि डीव्हीडीवर आला. त्याच वेळी दोन्ही भाग आणि पूरक साहित्य मिळून तीन डीव्हीडींचा ‘अल्टिमेट टॉय बॉक्स’ हा संग्राहकांसाठीचा संचही निघाला. संग्राहकाला खलनायक ठरवणारा चित्रपट संग्राहकांसाठीच्या खोक्यात विकला गेला. ठरावीक काळ विक्री करायची आणि मग माल बाजारातून काढून घ्यायचा, ही डिस्नेची जुनी रीतही लक्षात घ्यावी. दुर्मीळ झाले की भाव वाढतो, हे अलला जसे ठाऊक होते तसे कंपनीलाही होते.

पण खोके घरी गेल्यावर कोणाच्या हाती पडते, यावर पुढचे ठरते. एखाद्या घरात ती कॅसेट शेल्फवर राहिली असेल. दुसऱ्या घरात मुलाने ती रोज लावून झिजवली असेल. चित्रात रेघा आल्या असतील. ती झीज म्हणजे बुटाखालचे नावच.

४

आता पाठभेदाकडे येतो. चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावलीबरोबर चित्रीकरणात चुका झाल्याचे भासवणारे गमतीचे तुकडे आहेत. त्यातल्या एकात खोक्यातला पीट दोन बार्बी बाहुल्यांशी लगट करत, तिसऱ्या भागात भूमिका मिळवून देण्याचे आमिष दाखवतो. २०१९ च्या नव्या आवृत्तीतून हा तुकडा काढला गेला. त्याआधी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, लॅसेटर यांनी स्वतःच्या वागणुकीबद्दल माफी मागून रजा घेतली होती आणि पुढे ते कंपनीतून बाहेर पडले. चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांनी तोंड उघडले होते, त्या काळात हा विनोद मुलांच्या चित्रपटात खटकणे स्वाभाविक होते. तो विनोद मलाही हीन वाटतो.

आक्षेप त्या तुकड्याच्या जाण्याला नाही. तो गेल्याची नोंद नव्या प्रतीवर नाही, हा आक्षेप आहे. आपल्याकडे एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्धी केली, आणि ती कोणत्या शकात केली हेही सांगून ठेवले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाकारलेला पाठही पानाच्या तळाशी जागा मिळवतो. शुद्धी करणाऱ्याने सही करावी, ही आपली जुनी शिस्त आहे. नोंद न ठेवता केलेली दुरुस्ती त्या कारागिराच्या रंगासारखी असते. डाग जातो, आणि त्याबरोबर १९९९ साली मुलांच्या चित्रपटात काय हसण्यावारी नेले जात होते, याचा पुरावाही जातो. त्या विनोदावर टीका करणाऱ्या उद्याच्या अभ्यासकाला तो पाहायला मिळायला नको का?

इथे मला चित्रपटाशीच भांडावे लागते. त्याने संग्रहालयाला काचेचा तुरुंग ठरवले आहे आणि संग्रहाची वृत्ती अलसारख्या लोभी माणसाच्या अंगी दाखवली आहे. नव्या प्रतींतून गेलेला पाठ आज मात्र शाबूत आहे तो जुन्या डीव्हीडींवर. कोणी हौसेने, कोणी निव्वळ आळसाने त्या टाकून दिल्या नाहीत म्हणून. चित्रपट मालकाच्या यंत्रावरून थेट घरच्या पडद्यावर येऊ लागले आहेत. घरात प्रत उरतच नाही, आणि रंग लावला गेला हे ताडून पाहायला दुसरा बूट राहत नाही. अँडी आपले खेळणे जीव लावून वापरतो, पण तोही एक दिवस मोठा होणार आहे, हे चित्रपटालाच मान्य आहे. त्यानंतर ते खेळणे आणि त्यावरचे नाव कोणी सांभाळायचे, याचे उत्तर त्याच्याकडे नाही. सुसमन यांच्या घरच्या प्रतीने वाचलेल्या चित्रपटाने तरी जपून ठेवणाऱ्याला इतके हसायला नको होते.