स्वनिर्मित चित्रपट आणि पटकथाकाराची जडणघडण : चार मराठी उदाहरणांच्या आधारे

प्रस्तावना :

नाटकाची संहिता रंगमंचावर आली नाही तरी ती पुस्तकरूपाने वाचकापर्यंत पोहोचू शकते. कथा आणि कादंबरी तर वाचनासाठीच लिहिली जाते. पटकथेचे तसे नाही. पटकथा चित्रपटासाठी लिहिली जाते आणि चित्रपट पूर्ण झाला की तिचे स्वतंत्र अस्तित्व जवळजवळ संपुष्टात येते. जो चित्रपट झालाच नाही, त्याची पटकथा सहसा कोणी वाचत नाही. म्हणूनच नवोदित पटकथाकारापुढे एक पेच कायम उभा असतो. नावावर चित्रपट नाही म्हणून निर्माता संहिता हाती घेत नाही आणि निर्माता मिळत नाही म्हणून नावावर चित्रपट लागत नाही. हा पेच सोडविण्यासाठी काही लेखकांनी आपली संहिता आपणच चित्रित करण्याचा मार्ग पत्करला. या मार्गाने पटकथाकार घडतो का, घडत असल्यास नेमका कसा घडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका :

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळके यांना कथापटासाठी भांडवल हवे होते. केवळ कल्पना सांगून सावकार पैसे देणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी कुंडीतील रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून एक छोटा चित्रपट तयार केला. तो दाखवून कर्ज उभे राहिले, पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही गहाण पडले आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. छोटा चित्रपट हा मोठ्या चित्रपटाचा पुरावा ठरतो आणि त्या पुराव्याचा खर्च निर्मात्याच्या घरातून होतो, या दोन्ही गोष्टी भारतीय चित्रपटाच्या आरंभीच स्पष्ट झाल्या होत्या. पुढील चारही उदाहरणे या पार्श्वभूमीवर पाहावी लागतात.

सुमित्रा भावे : संशोधनाकडून संहितेकडे

सुमित्रा भावे या मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातील अभ्यासक होत्या. वस्तीतील स्त्रियांविषयीचे संशोधन ज्यांच्याविषयी केले त्यांच्यापर्यंत पोहोचावे, या गरजेतून त्यांनी 1985 मध्ये 'बाई' हा लघुपट केला. पुढे सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी 'दोघी' (1995), 'दहावी फ' (2002), 'देवराई' (2004), 'अस्तु' यांसारखे चित्रपट केले. 'कासव' या चित्रपटाला 2016 या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, अर्थात सुवर्णकमळ, प्राप्त झाले.

भावे यांच्या पटकथेचे वैशिष्ट्य तिच्या संयमात आहे. 'कासव'मधील तरुण नैराश्याने ग्रासलेला आहे. रूढ पटकथेत अशा पात्राच्या दुःखाचे कारण पूर्वदृश्यांतून उलगडून दाखविले जाते आणि त्यावर उपायही सुचविला जातो. 'कासव'मधील जानकी मात्र त्याला प्रश्न विचारण्याची घाई करीत नाही. ती त्याला समुद्रकाठच्या घरी राहू देते. कारण शोधण्यापेक्षा सोबत करणे महत्त्वाचे, ही चित्रपटाची भूमिका संवादांतून सांगितली जात नाही. प्रसंगांच्या संथ रचनेतून ती जाणवते. कागदावर वाचताना अशी संहिता 'काहीच घडत नाही' या शेऱ्यास सहज पात्र ठरली असती. लेखिका स्वतःच दिग्दर्शिका असल्यामुळेच ही संथता टिकू शकली.

गिरीश कुलकर्णी : भागीदारीतील लेखक

स्वतःचा चित्रपट करणे म्हणजे सर्व काही एकट्याने करणे, असा एक समज आढळतो. उमेश कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांचे उदाहरण तो खोडून काढते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण घेतलेले उमेश कुलकर्णी 'गिरणी' या लघुपटामुळे परिचित झाले. त्यानंतर 'वळू' (2008), 'विहीर' आणि 'देऊळ' (2011) या चित्रपटांत ते दिग्दर्शक, तर गिरीश कुलकर्णी लेखक आणि अभिनेता या नात्याने एकत्र आले. 'देऊळ'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला. त्याच चित्रपटासाठी गिरीश कुलकर्णी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट संवाद असे दोन राष्ट्रीय पुरस्कार प्राप्त झाले.

'वळू'त गावात मोकाट सुटलेला बैल पकडायचा आहे, एवढेच कथानक. त्या एका निमित्ताने अख्ख्या गावाचे हेवेदावे, पुढारपण आणि भाबडेपणा समोर येतो. 'देऊळ'मध्ये केशाला झालेल्या दृष्टांताचे रूपांतर पाहता पाहता बाजारात होते. दोन्ही संहितांत विनोद पात्रांच्या बोलण्याच्या लकबीतून निर्माण होतो. जो लेखक तेच वाक्य स्वतः कॅमेऱ्यासमोर उच्चारणार आहे, त्याला वाक्य कोठे तोडावे हे लिहितानाच कळते. येथे अभिनय हा लेखनाचाच पुढचा खर्डा ठरला आहे.

नागराज मंजुळे : लघुपटाची शाळा

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेत असताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेला, पण जन्माने मिळालेल्या कलंकाखाली जगणारा मुलगा हा त्याचा विषय. दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यानंतर 'फँड्री' (2013) आणि 'सैराट' (2016) हे चित्रपट आले. 'पिस्तुल्या'तील बालकलाकार सूरज पवार पुढे या दोन्ही चित्रपटांत दिसतो. छोट्या चित्रपटातून लेखकाला केवळ ओळखपत्र मिळत नाही. ज्यांच्यासाठी लिहायचे ते चेहरे आणि ती बोली मिळते, हे यावरून ध्यानात येते.

'फँड्री'तील डुक्कर पकडण्याचा दीर्घ प्रसंग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि डुकरामागे धावणारे कुटुंब जागच्या जागी थांबते. पुढे तेच कुटुंब डुक्कर वाहून नेताना पार्श्वभूमीला भिंतीवरील समाजसुधारकांची चित्रे दिसतात. या ठिकाणी एकही भाष्यवजा संवाद नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. 'सैराट'चा शेवटही निःशब्द आहे. महत्त्वाच्या क्षणी शब्द मागे घेण्याचे धैर्य मंजुळे यांच्यासारख्या मूळच्या कवीकडे यावे, ही लक्षणीय बाब होय. हे धैर्य कागदावर शिकता येत नाही. चित्रीकरण व संकलन करताना कोणते वाक्य अनावश्यक होते, हे दिसल्यावरच ते येते.

चैतन्य ताम्हाणे : लेखनासाठी मिळालेला काळ

चैतन्य ताम्हाणे यांचा पहिला कथापट 'कोर्ट' (2014) व्हेनिस महोत्सवात पुरस्कारप्राप्त ठरला आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्याआधी त्यांनी माहितीपट, नाटक आणि 'सिक्स स्ट्रँड्स' हा लघुपट केला होता. नाटकातील अभिनेते विवेक गोम्बर 'कोर्ट'चे निर्माते झाले आणि पटकथालेखनाच्या काळात त्यांनी ताम्हाणे यांना मासिक मानधन दिले. या तपशिलाचे महत्त्व पुरस्कारांपेक्षा कमी नाही.

'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर एका सफाई कामगाराला गीतातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. परंतु पटकथा आरोपीला सोडून वकिलांच्या घरी आणि अखेरीस न्यायाधीशांच्या सुट्टीत जाते. खटल्याचा निकाल न सांगता चित्रपट संपतो. कथेचा नायक दृष्टीआड करणारी ही रचना नवख्या लेखकाकडून कोणी विकत घेतली असती, असे वाटत नाही. सावकाश लिहिण्याची मुभा मिळाली म्हणून ती सिद्ध झाली. 'द डिसायपल' या त्यांच्या दुसऱ्या मराठी कथापटाला 2020 मध्ये व्हेनिस येथे सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला, हा या वाटचालीचा स्वाभाविक पुढचा टप्पा होय.

मार्गाच्या मर्यादा :

या चार उदाहरणांवरून स्वनिर्मिती हा सर्वांसाठी खुला मार्ग आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. यशस्वी नावांची यादी सहज करता येते. कर्जात अडकलेल्या किंवा डब्यात राहिलेल्या चित्रपटांची यादी कोणी करीत नाही. कॅमेरा स्वस्त झाला असला तरी लेखकाचा वेळ स्वस्त झालेला नाही. ज्याच्या घरी दरमहा पैसे पाठवावे लागतात, अशा ग्रामीण भागातील तरुणाला एक वर्ष विनावेतन लिहिणे परवडत नाही. 'स्वतःच चित्रपट करा' हा सल्ला अशा वेळी फुकट श्रमाचे गोंडस नाव ठरू शकतो.

दुसरी मर्यादा श्रेयाची आहे. लेखकाने स्वतः दिग्दर्शन केले की तो 'दिग्दर्शक' म्हणून ओळखला जातो. वरील चारांपैकी तिघांचा उल्लेख सर्वत्र प्रथम दिग्दर्शक म्हणून होतो. गिरीश कुलकर्णी यांनाही सामान्य प्रेक्षक अभिनेता म्हणूनच अधिक ओळखतो. म्हणजे ज्या वाटेने पटकथाकार घडतो, त्याच वाटेवर त्याची लेखक ही ओळख पुसट होते.

तिसरी बाब कायद्याची. भारतीय कॉपीराइट कायदा 1957 नुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता होय. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटात समाविष्ट साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज होणाऱ्या वापरासाठी, स्वामित्वधनाचा हक्क सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली. स्वतः निर्माता असलेल्या लेखकाकडे दोन्ही हक्क राहतात, हे खरे. मात्र मित्रमंडळींच्या वर्गणीतून चित्रपट करताना करारपत्रच केले जात नाही आणि चित्रपट चालल्यावर वादास तोंड फुटते. पहिल्या लघुपटापासून लेखी करार करणे, हा पटकथालेखनाच्या शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

समारोप :

स्वनिर्मित चित्रपट हा पटकथाकाराला प्रवेशपत्रापेक्षा अधिक काही देतो. कोणता शब्द गाळावा, कोणासाठी लिहावे आणि आपली लय कोणती, याचे ज्ञान तो देतो. हे ज्ञान चारही लेखकांच्या संहितांत दिसते. परंतु चौघांपैकी कोणीही एकाकी नव्हते. कोणाला सहदिग्दर्शक, कोणाला मित्र, कोणाला शैक्षणिक संस्था, तर कोणाला लेखनकाळात मानधन देणारा निर्माता लाभला. स्वतंत्र चित्रपटाचे स्वातंत्र्य अशा आधारावर उभे असते. महाविद्यालयांतील मराठी आणि संज्ञापन विभागांनी विद्यार्थ्यांच्या लघुपटांबरोबर त्यांच्या संहिताही जतन केल्या आणि पटकथा हा वाचनीय वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यासक्रमात आणला, तर या आधाराचा काही वाटा शिक्षणव्यवस्थेलाही उचलता येईल.

'द डिसायपल'मध्ये 'माई' या अदृश्य गुरूचा केवळ आवाज ऐकू येतो. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. एका पिढीची लेखिका-दिग्दर्शिका पुढील पिढीच्या पटकथेत गुरूच्या रूपाने बोलते, ही घटना स्वतंत्र मराठी चित्रपटाच्या परंपरेचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करते.