शीतप्रदेशातील बोगद्यांची हानी : दोष थंडीचा की पाण्याचा?

प्रस्तावना :
शीतप्रदेशातील बोगद्यांविषयी लिहिताना ‘थंडीमुळे अस्तर फुटते’ असे विधान सर्रास केले जाते. प्रस्तुत लेखकानेही कायिक विदारण शिकविताना फळ्यावर तेच लिहिले आहे. हे विधान खोटे नाही. परंतु अपुरे आहे. त्याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू होय.

कारणमीमांसा :
कोरडा खडक केवळ गार झाल्याने सहसा फुटत नाही. त्याच्या भेगांत पाणी असावे लागते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. शिवाय गोठणाऱ्या थराकडे आसपासचे पाणी ओढले जाते व बर्फ जाड होत जातो. अस्तरामागे तो साचला की काँक्रीटला तडे जातात. बर्फ वितळल्यावर त्याच तड्यांतून पाणी झिरपते आणि पुढील हिवाळ्यात पुन्हा गोठते. जपानमधील होक्काइदो बेटावर 10 फेब्रुवारी 1996 रोजी तोयोहामा बोगद्याच्या मुखाशी कडा कोसळून 20 जण मृत्युमुखी पडले. चौकशीत भूजलाचा दाब आणि गोठण या दोहोंकडे लक्ष वेधले गेले. आपल्याकडे 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुल्या झालेल्या अटल बोगद्याची 9.02 किलोमीटर लांबी सर्वत्र सांगितली जाते. सेरी नाल्याच्या पट्ट्यात खडकातून आलेल्या पाण्याने काम दीर्घकाळ रखडले, हे मात्र क्वचितच.

उपायांची चिकित्सा :
नॉर्वेतील अनेक बोगद्यांत पॉलिथिलीन फोमचे उष्णतारोधक आच्छादन वापरले गेले. गळणारे पाणी न गोठता निचऱ्याच्या नाल्यांपर्यंत पोहोचावे, हा त्याचा उद्देश. हा फोम ज्वलनशील असल्याने त्यावर काँक्रीटचा थर फवारावा लागतो. म्हणजे उष्णतारोधन हेही पाणी वाहते ठेवण्याचेच साधन ठरते. निचऱ्याविना केलेले आच्छादन गळती केवळ झाकते. थंडीच नसती तर ही हानी झाली नसती, हा आक्षेप रास्त आहे. तथापि थंडी अभियंत्याच्या हाती नसते, पाण्याची वाट असते.

स्थानिक संदर्भ :
चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला हा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. बोगद्यात बर्फ धरण्याचा येथे प्रश्नच नाही. परंतु वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म आहे आणि तो पाणी धरून ठेवणारा आहे. त्यामुळे येथील भूमिगत खाणींत पाणी उपसण्याची व्यवस्था अपरिहार्य असते. तेथे पाणी गोठत नाही, तरीही छताखाली काम करणाऱ्याची सुरक्षितता त्या पाण्याच्या निचऱ्याशी निगडित राहते.

निष्कर्ष :
बर्फ हे पाण्याचेच एक रूप आहे, हे कारणमीमांसेत विसरले जाऊ नये. म्हणून अध्यापनाचा प्रारंभ तापमानाच्या तक्त्याने न करता ‘खडकात पाणी कोठून येते व कोठे जाते?’ या प्रश्नाने व्हावा. त्यामुळे हिमालयातील बोगदा आणि आपल्या पायांखालची खाण एकाच पाठात शिकविता येतील, आणि खाणकामगाराच्या मुलाला तो पाठ परका वाटणार नाही.