भाऊबंदकी आणि समन्वय

मराठी आणि कन्नड या भगिनीभाषा आहेत, या वाक्यावाचून सीमाभागातील एकही वाङ्मयीन समारंभ पार पडत नाही. वाक्य खोटे नाही. पण त्याचा उपयोग कितपत, याची तपासणी समीक्षेने कधी फारशी केलेली दिसत नाही. नात्याची आठवण करून दिली की भांडण मिटते, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. अनुभव याच्या उलट आहे. वाटणीचे दावे परक्यांत चालत नाहीत, भावंडांतच चालतात. आणि ‘भाऊबंदकी’ हा शब्द मराठीनेच घडविला आहे. एकाच भूमीवर राहणाऱ्या दोन समाजांची दिलजमाई घडविण्यास वाङ्मय काय करू शकते, हा प्रश्न म्हणूनच थोडा निराळ्या बाजूने पाहावयास हवा.

ज्या वर्षी भारतात भाषावार राज्ये झाली त्याच 1956 साली शेजारच्या सिंहलद्वीपात एकट्या सिंहलीस राजभाषा करणारा कायदा झाला. तामिळला राजभाषेचे स्थान मिळण्यास 1987 ची घटनादुरुस्ती यावी लागली, आणि तोवर यादवी युद्ध पेटून चार वर्षे लोटली होती. 1981 साली जाफन्याचे ग्रंथालय जाळण्यात आले, ही गोष्ट वाङ्मयाच्या उपासकांनी तरी विसरू नये. सायप्रस बेटाची 1974 साली फाळणी झाली. त्याआधीच्या पिढीतील अनेक तुर्कांना ग्रीक बोलता येई. 2003 साली सीमारेषेवरील वाटा खुल्या झाल्या तेव्हा रेषेच्या दोन्ही अंगांस अशी पिढी वाढलेली होती, की जिला शेजाऱ्याची भाषाच येत नव्हती. आपल्याकडे तसा प्रसंग ओढवला नाही. सीमाप्रश्नापायी रक्त सांडलेच नाही असे नव्हे. परंतु तंटा मुख्यत्वे आयोग, विधिमंडळ आणि न्यायालय यांच्या चाकोरीत राहिला. महाजन आयोगाने 1967 साली 264 गावे महाराष्ट्रास व 247 गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्यास द्यावीत अशी शिफारस केली, बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवले; महाराष्ट्राने ती शिफारस नाकारली आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. बेळगावच्या बाजारातला माणूस मात्र या सर्व काळात दोन्ही भाषा बोलत राहिला. हे भांडवल सायप्रसने गमावले. आपण अद्याप गमावलेले नाही.

या भांडवलाचा हिशेब आपल्या विद्वानांनी मांडला, तो प्रामुख्याने भूतकाळाचा. शं. बा. जोशी यांनी ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ या ग्रंथात महाराष्ट्राच्या पायाखालचा कन्नड थर उकलून दाखविला. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या 1984 च्या ग्रंथाने पंढरीच्या दैवताचा माग गोल्ल, कुरुब आणि धनगर यांच्या कुरणांपर्यंत नेला. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीस विठ्ठल आणि बिरदेव एकत्र नांदतात. त्या मेंढपाळांच्या देवाला कोणत्या राज्याचा रहिवासी ठरवावे? ढेऱ्यांच्या ग्रंथाचे मोठेपण असे, की पुरावा कोणाच्या अभिमानास सोयीचा आहे याचा विचार न करता तो पुराव्यामागे जातो.

परंतु ग्रंथ निर्हेतुक असला तरी वाचक निर्हेतुक असतोच असे नाही. कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगणारा नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ एका बाजूने दस्तऐवजासारखा पुढे केला जातो. दुसऱ्या बाजूने बंगळूरच्या शहाजीराजांची जहागीर तशीच पुढे केली जाते. वारशाचा असा मालकी हक्काचा उतारा झाला की समन्वयाचा ग्रंथही वादीच्या वकिलाच्या कामी येतो. शहाजीराजांच्या पदरच्या जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य राजवाड्यांनी 1922 साली प्रसिद्ध केले. त्यातून आपण बहुधा शहाजींचे ऐश्वर्य तेवढे वेचतो. ते काव्य एका बहुभाषी दरबाराचे आहे आणि कवीला अनेक भाषांत रचना करण्याची प्रौढी वाटते, या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. त्या दरबारी अनेक भाषा येणे ही विद्वत्ता होती. आज ती एक अडचण समजली जाते.

रंगभूमीचा इतिहास याहून बोलका आहे. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले, आणि त्यांच्या प्रेरणेने 1843 साली विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. पुढे मराठी नाटक मंडळ्यांनी उत्तर कर्नाटक व्यापला, तेव्हा त्या वर्चस्वाच्या चिडीतून गदगच्या शांतकवींनी कन्नड नाटक उभे केले. ज्याच्याकडून घेतले त्यालाच झाकून टाकण्याची ही हकीकत मराठी समीक्षेत पहिल्या अर्ध्यापाशीच थांबते. ऋण मान्य करावयास आपण तयार असतो. शेजाऱ्याला आपला जाच वाटला, हे ऐकण्यास तितकेसे तयार नसतो. दिलजमाईला खरी अडचण येते ती येथे.

व्यक्तींकडे पाहिले तर चित्र अधिक आशादायक दिसते. द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. त्यांनी काव्य कन्नडमध्ये केले, बारा वर्षे सोलापुरास अध्यापन केले आणि 1973 साली ज्ञानपीठ मिळविले. मास्तींची मातृभाषा तामिळ, कार्नाडांची कोकणी. कन्नडने ज्या आठ लेखकांसाठी ज्ञानपीठ मिळविले त्यांतील तीन असे परभाषक घरांतून आले, यात त्या भाषेचे औदार्य दिसते. उलट बाजूस जी. ए. कुलकर्णी धारवाडास राहून मराठीत लिहीत राहिले. त्यांच्या कथांत त्या प्रदेशाची माती, नावे आणि बोलण्याचा हेल आहे; सीमावाद मात्र वाद म्हणून कोठे उभा राहत नाही. नियतीपुढे उघडा पडलेला माणूस कोणत्या भाषेत कण्हतो, हे तेथे गौण ठरते. ही उंची खरी. परंतु शेजाऱ्यांचे भांडण तिच्या पायथ्याशी तसेच राहते.

अनुवादाने त्यापुढचे पाऊल टाकले. तेंडुलकरांनी ‘तुघलक’ आणि खानोलकरांनी ‘हयवदन’ मराठीत आणले. विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड वाचून दाखवावे, उमाताईंनी ऐकून ते मराठीत उतरवावे, आणि विरूपाक्षांनी मराठी ग्रंथ कन्नडमध्ये न्यावेत, अशी एका घरातच दुतर्फा वाहतूक वर्षानुवर्षे चालली. या श्रमाचे मोल कोणत्याही परिषदेच्या ठरावाहून अधिक आहे. तरीही एक उणीव उरते. आपण कन्नडमधून महाभारत आणले, इतिहास आणला, कुटुंबांच्या कहाण्या आणल्या. शेजाऱ्याचे आपल्याविषयीचे गाऱ्हाणे मात्र क्वचितच आणले. 2012 साली जत तालुक्यातील काही गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. त्या गावांतील कन्नड घराची कथा मराठीत, आणि बेळगावातील मराठी शाळेच्या मास्तरांची कथा कन्नडमध्ये, तितक्याच सहानुभूतीने लिहिली जाईल, त्या दिवशी सीमावाङ्मय वयात आले असे आम्ही म्हणू. आज असे लेखन विरळाच आहे.

या बंगळुरातच एक धडा समोर आहे. हलसूर तळ्याजवळील तिरुवळ्ळुवरांचा पुतळा अठरा वर्षे झाकलेला होता. 2009 च्या ऑगस्टमध्ये तो उघडला, आणि चारच दिवसांनी चेन्नईत सर्वज्ञांचा पुतळा उभा राहिला. दोघांनीही दुसऱ्याचा कवी आपल्या अंगणात घेतला, म्हणून कोणाचाच मान गेला नाही. पुतळा म्हणजे वाचन नव्हे, हे खरे; परंतु देवघेव बरोबरीची असली म्हणजे हट्ट सुटतो, एवढे त्यातून शिकता येते.

आमचे बहुतेक वाचक बदलीच्या नोकरीतले. त्यांना कन्नड येते ते कचेरी आणि मंडई यांपुरते: हुकूम देण्यास व भाव करण्यास पुरेल इतके. या दोन्ही व्यवहारांत आपणच बोलतो, दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे कारण पडत नाही. वाङ्मयाची भाषा ऐकण्यासाठी शिकावी लागते. सीमेचा निकाल न्यायालय द्यावयाचे तेव्हा देईल. तो कसाही लागला तरी दोन्ही भाषांची माणसे त्याच गावांत राहावयाची आहेत. बेंद्रे मूळ लिपीत वाचू शकणारा मराठी अधिकारी त्या निकालाची वाट पाहत बसणार नाही, आणि बदलीचा हुकूम आल्यावर रिकाम्या हातांनी परतणारही नाही.