कंपवाताचे नाव आणि हृदयाची साक्ष

रोगास नाव देणे म्हणजे त्याच्या अनेक लक्षणांपैकी एकास प्रधान मानून उरलेल्यांस गौणत्व देणे होय. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये सहा रुग्णांच्या आधारे आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातच कंप आणि पक्षाघात ही दोन लक्षणे येऊन बसली. त्या सहांपैकी काहींना तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. जे डोळ्यांस दिसले तेच नावात उतरले, यात नवल नाही. पुढे शार्को यांनी पॅरिस येथे ‘पक्षाघात’ हा शब्द अयथार्थ ठरवून रोगास पार्किन्सन यांचे नाव दिले. मराठीत मात्र ‘कंपवात’ हाच शब्द रूढ राहिला. तो टाकून द्यावा असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. आक्षेप आहे तो नावाच्या ऐक्यावरून वस्तूचे ऐक्य गृहीत धरण्यास.

या गृहीताची परीक्षा करावयाची, तर हाताकडे न पाहता हृदयाकडे पाहावे. हृदयाची गती स्वायत्त चेतासंस्थेच्या अधीन असते: अनुकंपी चेता ती वाढवितात, तर परानुकंपी व्हेगस चेता ती मंदावते. फ्रीड्रिख लेवी यांनी १९१२ मध्ये आज त्यांच्या नावाने ओळखले जाणारे पिंड वर्णिले, त्यांतील काही याच व्हेगसच्या मेंदूतील केंद्रात आढळले होते. म्हणजे रोगाचा स्वायत्त चेतासंस्थेशी असलेला संबंध शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीच दृष्टिपथात आला होता. ‘कंप’ या शब्दात मात्र त्यास जागा नव्हती.

जनुकीय संशोधनाने हा प्रश्न अधिक तीव्र केला. १९९७ मध्ये आल्फा-सायन्युक्लीन या प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तन काही कुटुंबांतील पार्किन्सन रोगाचे कारण म्हणून उघडकीस आले, आणि त्याच वर्षी हेच प्रथिन लेवी पिंडांचा मुख्य घटक असल्याचे दिसले. अशा रुग्णांत हृदयाच्या अनुकंपी चेतांचा ऱ्हास होतो. उभे राहताच त्यांचा रक्तदाब कोसळू शकतो. १९९८ मध्ये सापडलेल्या पार्किन जनुकाच्या रुग्णांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा रोग बहुधा तरुणपणी सुरू होतो, त्यांच्या मेंदूत लेवी पिंड सहसा आढळत नाहीत आणि हृदयाच्या अनुकंपी चेता बहुतांशी शाबूत असतात. दोघांच्याही हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. हृदये मात्र एकच साक्ष देत नाहीत.

यावरून जुन्या नावाऐवजी जनुकाचे नाव घेतले की काम झाले, असे कोणी म्हणेल. तेही घाईचे ठरेल. एलआरआरके-२ या जनुकाचे उत्परिवर्तन झालेल्या रुग्णांपैकी अनेकांच्या मेंदूत लेवी पिंड असतात, तर अनेकांच्या मेंदूत ते नसतात. जनुक एक असून विकृती दोन! तेव्हा जनुकाचे नाव हेही अखेर नावच होय.

दुसरा आक्षेप मापनाच्या वाचनावर आहे. दोन ठोक्यांमधील अंतराच्या चढउतारावरून स्वायत्त चेतासंस्थेची स्थिती अनुमानिण्याची पद्धत आज सर्वत्र वापरली जाते. त्यातील श्वासाबरोबर होणारी जलद आंदोलने व्हेगसची निदर्शक आहेत, हे बऱ्याच अंशी मान्य आहे. परंतु मंद आंदोलनांस सरसकट ‘अनुकंपी’ म्हणणे विवाद्य आहे. त्यांत रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षेपाचा वाटा मोठा असतो. वय, श्वासाची लय आणि औषधे यांनीही हा आकडा बदलतो. संदर्भावाचून शब्दाचा अर्थ ठरत नाही, तसाच संदर्भावाचून या आकड्याचाही ठरत नाही.

हा वाद केवळ शाब्दिक नव्हे, हे एका साध्या उदाहरणावरून दिसेल. रुग्ण उठून उभा राहिला आणि तीन मिनिटांत त्याचा वरचा रक्तदाब ३० मिलिमीटरांनी उतरला. त्याच वेळी नाडीचे ठोके मिनिटास २४ ने वाढले, तर शरीरातील पाणी कमी झाले असावे, असा तर्क करता येतो. ठोके केवळ ६ ने वाढले, तर दोष चेतांचा असण्याचा संभव मोठा. दाबाच्या उतारास नाडीच्या वाढीने भागले असता नव्हे, तर वाढीस उताराने भागले असता ०.५ पेक्षा कमी येणारे गुणोत्तर हे त्याचे गमक मानतात. अर्थात नाडी मंदावणारी औषधे चालू नसतील तरच. कर्ता आणि क्रियापद यांचा अन्वय लावावा, तसा दाब आणि नाडी यांचा अन्वय लावावा लागतो. तो न लावता ‘कंपवाताचा रुग्ण, तोल जाऊन पडला’ एवढेच नोंदले गेले, तर खरे कारण नावाआड दडते. आणि रक्तदाब आणखी उतरवू शकणारी लेव्होडोपाची मात्रा निःशंकपणे वाढविली जाते.

सारांश, कंप हे या रोगसमूहाचे ठळक चिन्ह आहे, त्याचा संपूर्ण अर्थ नव्हे. नाव राहू द्यावे. परंतु रुग्णाचा हात हाती घेतल्यावर कंपाबरोबर नाडीही पाहावी, आणि तीही तो उभा असताना.