'नानूक' पाहताना बीडची बैलगाडी

रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा १९२२ सालचा मूकपट शाळेत दाखवावा का? जरूर दाखवावा. मात्र बीड जिल्ह्यातल्या वर्गात तो दाखवताना त्यातली एक उणीवही मुलांपुढे ठेवायला हवी.

कॅनडातल्या हडसन उपसागराकाठच्या इन्युइट कुटुंबाचे हे चित्रण. बाप मुलाला बर्फाच्या छोट्या अस्वलावर बाण मारायला शिकवतो. बर्फाच्या घराला पारदर्शक बर्फाची खिडकी बसते आणि उजेड आत वळावा म्हणून तिच्या बाजूला बर्फाची पांढरी लादी उभी राहते. प्रकाशाच्या परावर्तनाचे याहून चांगले उदाहरण कोणते?

आता उणीव. बंदुका वापरणाऱ्या माणसांना फ्लाहर्टींनी जुन्या भाल्यांनी शिकार करायला लावली. कॅमेऱ्यासाठी घर अर्धे उघडे बांधले. तेही एक वेळ चालेल. पण चित्रपटाला पैसा दिला तो फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीने, आणि व्यापाऱ्याच्या ठाण्यावरचा प्रसंग हसतखेळत उरकतो. सौद्यात कोणाचा किती फायदा झाला, ते कळत नाही.

दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, शिरूर कासारकडची ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात. आता पुष्कळ जण ट्रॅक्टरने जातात. तरी बैलगाड्या आहेतच. गाडीवर वाढलेल्या मुलाला विचारून पाहा. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते; पुढे सरकले की ती धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. आस हा टेकू धरला, तर ही तरफच झाली! हंगामाहून परतलेले हे मूल वर्गात मात्र मागे बसते, कारण आपल्याला काही येते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून 'ही मुले निसर्गाच्या शाळेत शिकतात' असे कौतुक करून थांबलो, तर आपणही फ्लाहर्टींसारखेच चुकू. हा प्रवास ठरतो मुकादमाकडून घेतलेल्या उचलीने. ती फिटते ऊस तोडून. त्यात मुलाचे पाच-सहा महिने जातात. गावात हंगामी वसतिगृह चालू असेल तर ते वाचू शकतात.

तेव्हा चित्रपटानंतर दोन कामे करावीत. फळ्यावर गाडी काढायला त्या मुलाला बोलवावे आणि तरफ त्यालाच समजावू द्यावी. मग गणिताच्या तासाला उचल, टनामागची मजुरी आणि मुकादमाचे कमिशन यांचा हिशेब सगळ्या वर्गाने मिळून मांडावा. नानूकच्या चित्रपटात नेमका हाच हिशेब राहून गेला आहे.