माणसाने केलेली निवड नैसर्गिक म्हणावी काय?

‘नैसर्गिक व कृत्रिम निवडीतील फरक स्पष्ट करा’ हा ठरीव प्रश्न डार्विनवर अन्यायच करतो. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या (१८५९) पहिल्याच प्रकरणात कबुतरे पाळणाऱ्यांच्या हेतुपुरस्सर निवडीबरोबर त्याने अजाणता होणारी निवडही सांगितली आहे. मात्र तिथेही माणूस आवडता प्राणी राखतो.

मोझांबिकमधील गोरोंगोसाचे हत्ती यापैकी कशात बसवावेत? तेथील यादवी युद्धात (१९७७-१९९२) सुमारे ९० टक्के हत्ती मारले गेले, त्यात हस्तिदंताचा लोभ मोठा. आफ्रिकेत हत्तिणींनाही सुळे असतात, हे येथे ध्यानात घ्यावे. बिनसुळ्याच्या माद्या पूर्वी १८ टक्क्यांच्या आसपास होत्या. युद्धातून वाचलेल्यांत त्या निम्म्या निघाल्या. युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांतही हे प्रमाण सुमारे एकतृतीयांश आढळले. २०२१ च्या संशोधनाने त्याचा संबंध एक्स गुणसूत्राशी जोडला असून हा बदल नर गर्भाला बहुधा मारक ठरतो.

शिकाऱ्याला सुळे हवे होते, उरले बिनसुळे. पुढच्या पिढीचे जनक त्याने निवडले नाहीत; तो केवळ आणखी एक भक्षक होता. म्हणून आमच्या मते ही नैसर्गिक निवडच. निकष मारणारा कोण हा नसून जोड्या कोणी ठरवून जुळवल्या काय, हा असावा.